चुन्याचा हात

जुन्या गोव्यात उतरलं की रस्त्याच्या दोन अंगांना दोन भल्यामोठ्या इमारती दिसतात. दक्षिणेला बॉम जेझूची बॅसिलिका, उघड्या जांभ्याची, तांबूस-काळी. उत्तरेला हिरवळीपलीकडे से कॅथेड्रल, पांढरं. बहुतेकांचे मोबाइल वळतात ते बॅसिलिकेकडे. उघडा दगड दिसला की वास्तू जुनी वाटते आणि पांढरी भिंत दिसली की कोणीतरी कालपरवाच रंगारी लावला असेल, असं वाटतं. गडकिल्ले पाहून पाहून आपल्या डोळ्यांना ही सवयच जडली आहे. मला मात्र निवांत उभं राहून बघावी अशी कारागिरी पांढऱ्या बाजूला दिसते. ती कोरीवकामात नाही, कमानीत नाही, वेदीवरच्या सोनेरी कामातही नाही. ती चुन्याच्या हातात आहे. पाऊस उघडला की भिंतीवर फिरवायचा आणि पुढच्या पावसांनी तो झिजवायचा, हे गृहीत धरूनच फिरवायचा असा हा हात.

आतून दोन्ही इमारती एकाच दगडाच्या आहेत, हे आधी लक्षात घ्यायला हवं. सेचं काम १५६२ साली सुरू झालं आणि १६१९पर्यंत रेंगाळलं. बॅसिलिकेचा पाया १५९४ सालचा, आणि १६०५ साली ती उपासनेसाठी खुली झाली. भिंती मात्र दोन्हीकडे जांभ्याच्या चिऱ्यांच्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या माणसाला चिरा म्हणजे काय ते सांगायला नको. खाणीतून ताजा निघाला की हत्याराने सहज तासता येतो, हवा लागली की कडक होतो, पण कितीही कडक झाला तरी त्याच्या अंगातली भोकं बुजत नाहीत. पाणी दिसलं की पितो. आणि गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत, वाऱ्याबरोबर तिरपा येणारा. असा दगड असला पाऊस उघड्या अंगावर घेऊन चारशे वर्षं धडधाकट राहत नाही. राहिला, तो अंगावर चुन्याचा गिलावा आणि त्या गिलाव्यावर चुन्याचे हात होते म्हणून.

सेचं तोंड पूर्वेला आहे. अशी भिंत बघायची तर साडेदहा-अकराच्या सुमाराला, ऊन वरून भिंतीला घासून उतरू लागतं तेव्हा. से घ्या, शेजारचं असिसीच्या संत फ्रान्सिसचं चर्च घ्या, नाहीतर बार्देश-सासष्टीतलं कुठलंही साधं चॅपेल घ्या, चुन्याने राखलेली भिंत तशा तिरप्या उन्हात बोलायला लागते. डब्यातला रंग सपाट असतो, चुना सपाट नसतो. भिंतीची हलकी चढउतार दिसते. कुंच्याचे आडवे फराटे दिसतात आणि त्यांच्यावरून गेलेले उभे फराटेही. खांबांच्या, चौकटींच्या कडा किंचित बोथट झालेल्या असतात. एका हाताची जाडी अर्धा मिलिमीटरसुद्धा नसते, पण पिढ्यान्‌पिढ्या हात चढत गेले की धारेचा कोपरा मऊ पडतो. शिल्पाचे दर्दी इथे नाक मुरडतात. पाथरवटाने कोरलेली कड चुन्याने गिळली, ही त्यांची तक्रार, आणि ती खोटी नाही. तरी मला ती मऊ झालेली कडच जास्त आवडते, कारण तिच्यात एकाचं नाही, शेकडो जणांचं काम आहे आणि त्यांतल्या कोणाचंही वेगळं काढून दाखवता येत नाही. एखाद्या ठिकाणी पापुद्रा सुटला असेल तर त्याची कड जरूर बघावी. जुन्या पोथीच्या पानांसारखे थरावर थर दिसतात, मधूनच एखादा निळसर, मधूनच एखादा मळका.

पांढऱ्याच्याही जाती असतात. चुन्याचा पांढरा आतून उजळतो. कळीचा चुना भिजवून भिंतीवर गेला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा चुनखडीच होतो, म्हणजे भिंतीवर दगडाचीच एक बारीक साय धरते. तिच्या सूक्ष्म स्फटिकांवरून उजेड परततो, म्हणून दुपारी डोळे दिपतात आणि सावलीत तीच भिंत निळसर वाटते. पावसात भिजली की ती करडी होते, आतला गिलावा डोकावतो, आणि ऊन पडलं की परत पांढरी. प्लास्टिकच्या रंगाला हे जमत नाही. तो बारा महिने एकच चेहरा करून बसतो.

आणि सप्टेंबरात हीच भिंत पाहावी. कपाळपट्टीखाली, खिडक्यांच्या उंबऱ्यांखाली काळे ओघळ उतरलेले असतात, पायथ्याशी हिरवी ओल चढलेली असते. पर्यटकाला ती अवकळा वाटते. जाणत्या गवंड्याला तो चार महिन्यांचा जमाखर्च असतो. जिथे ओघळ सर्वांत काळा तिथे वरचा उतार मोडला आहे किंवा पन्हळ तुंबली आहे, जिथे हिरवं कमरेपर्यंत चढलं तिथे पायाशी पाणी साचतं आहे. आधी तिथलं दुखणं काढायचं, मग चुना. पांढऱ्या भिंतीचा हाच मोठा गुण आहे, ती काही लपवत नाही. उघड्या जांभ्यावर हे ओघळ दिसतच नाहीत. तो मुळातच डागाळलेला दिसतो, त्यामुळे दुखणं कुठे आहे ते कळेपर्यंत उशीर होतो.

या कामाचं पंचांग ठरलेलं आहे. वैशाखात छप्पर. कौलं परतायची, फुटकी काढून नवी घालायची, वासे-रिपा ठोकून बघायच्या, पन्हळीतला पालापाचोळा उपसायचा, भिंतीच्या सांध्यात रुजलेले पिंपळ-वड कोवळे असतानाच मुळासकट उपटायचे. नुसतं वरून छाटलं तर मूळ आत जाड होत राहतं आणि एक दिवस चिराच बाहेर ढकलतं. कोकणात याला शाकारणी म्हणतात आणि ती मृगाच्या आत उरकावी लागते. मग चार महिने काम बंद. गवंडी आपापल्या गावी लावणीला जातात. दसरा-दिवाळीकडे पाऊस उघडतो, पण भिंत लगेच उघडत नाही. तिच्या पोटातलं पाणी निघायला काही दिवस द्यावे लागतात. त्यानंतर परांची बांधायची.

पुढची मुदत सणाने घातलेली असते. संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त ३ डिसेंबरला, त्याचा नोव्हेना, म्हणजे आधीच्या नऊ दिवसांची प्रार्थना, २४ नोव्हेंबरला सुरू होतो. पणजीच्या चर्चचं फेस्त ८ डिसेंबरला. म्हणजे पाऊस संपल्यापासून गर्दी सुरू होईपर्यंत मोजके आठवडे हातात. देवळांचंही तेच, जत्रेपूर्वी दीपस्तंभाला पांढरा हात फिरायलाच हवा. आपण समजतो की सणासाठी वास्तू सजवतात. माझ्या मते उलटं आहे. सण होता म्हणून दरसाल कोणाला तरी शिडी लावून भिंतीच्या अगदी वरपर्यंत जावं लागलं, आणि वर गेलेल्या माणसाला फुटलेलं कौल, सुटलेला गिलावा, नव्याने फुटलेलं पिंपळाचं पान दिसलं. देखभालीचं इतकं कडक वेळापत्रक कुठल्याही खात्याने आजवर आखलेलं नाही.

चुन्यालाही हाच हंगाम मानवतो. त्याला हवेतला वायू हवा आणि थोडी ओलही हवी. मेच्या उन्हात लावला तर पाणी आधीच उडून जातं, चुना भुकटीच राहतो, भिंतीला पाठ टेकली की सदऱ्यावर येतो. पावसात लावला तर धुऊन जातो. कार्तिक-मार्गशीर्षातली सकाळची दहिवराची ओल आणि दुपारचं बेताचं ऊन, एवढंच त्याचं मागणं.

किनाऱ्यावरचा चुना बहुतेक शिंपल्यांचा. खाडीतल्या शिंपल्या गोळा करायच्या, कोळशाबरोबर थर देऊन भट्टीत भाजायच्या, निवल्यावर पाणी शिंपडायचं. शिंपल्या तडतडतात, वाफ निघते आणि बघता बघता ढिगाचं पीठ होतं. ते चाळून हौदात भिजत घालायचं आणि वर पाणी ठेवायचं, कारण हवा लागली तर चुना हौदातच मरतो. जितका जास्त मुरेल तितका लोण्याच्या वळणाचा होतो. घाटावरच्या खडीच्या चुन्यात मातीचा अंश असतो, तो बांधकामाला भक्कम. शिंपल्यांचा चुना शुद्ध, म्हणून पांढराशुभ्र. भिंतीच्या पोटात एक आणि पाठीवर दुसरा, असा हिशेब जुन्या गवंड्यांना शिकवावा लागत नसे.

बार्देशातल्या एका चॅपेलवर वेंगुर्ल्याकडचे एक मेस्त्री काम करताना मी बराच वेळ बघत उभा होतो. हाताखाली एक पोरगा. आधी काथ्याच्या ब्रशने सुटा चुना आणि वाळलेलं शेवाळ झाडून काढलं. मग पोरगा थेट कुंचा बुडवायला निघाला तशी मेस्त्रींनी त्याला थांबवलं. "आधी भिंतीक पाणी पाज, मगे चुनो." पाणी मारलं की भिंत काळवंडे आणि क्षणात फिकी पडे, इतकी ती तहानलेली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मारल्यावर ती सावकाश फिकी पडू लागली. तोवर मेस्त्री भिंतीवर तळहात ठेवून उभे. बादलीतला चुना ढवळून त्यांनी एक थेंब अंगठ्याच्या नखावर घेतला. थेंबातून नख दिसलं पाहिजे, नाही दिसलं तर चुना जाड. पोराचं म्हणणं, जाडच लावू, एका हातात होईल. "जाड लावलंस तर पोपडो धरतलो," एवढंच बोलून त्यांनी बादलीत आणखी पाणी ओतलं.

पहिला हात आडवा गेला. गंमत म्हणजे काहीच दिसेना. ओला चुना पारदर्शक असतो, त्यामुळे भिंत उलट जास्तच मळकी दिसू लागली. पोराचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर तोच भाग दुरूनही ओळखू येण्याइतका पांढरा झाला होता. मग दुसरा हात उभा. शेवटच्या हातात चिमूटभर नीळ, डोळ्याला पिवळसर झाक लागू नये म्हणून. मी विचारलं, "मेस्त्री, हे किती वर्षं टिकेल?" ते कुंचा पिळत म्हणाले, "टिकाक कित्याक होया? फुडच्या वर्साक आमी आसंवच मां."

या उत्तरावर हसू येतं, पण त्यात एक पुरी पद्धत आहे. पुढच्या वर्षी कोणीतरी असणारच, या भरवशावर भिंत उभी आहे. आपली हल्लीची धडपड नेमकी तो भरवसा नको म्हणून चाललेली असते. सात-दहा वर्षांच्या हमीचा प्लास्टिकचा रंग एकदा फासला की शिडी लावायची गरज नाही, असं गावोगावच्या समित्यांना वाटतं. पण जांभ्याच्या भिंतीत ओल जमिनीतूनही येते, छपरातूनही. चुना तिला बाहेर पडू देतो, रंगाचा पडदा पडू देत नाही. मग फुगे येतात, पापुद्रे सुटतात आणि सुटताना गिलाव्यासकट चिऱ्याचं कातडं घेऊन येतात. सिमेंटचा गिलावा तर त्याहून वाईट. तो दगडाहून कठीण, त्यामुळे झिजायची पाळी दगडावर येते. जुन्या भिंतीवरची दुरुस्ती दगडापेक्षा मऊ असावी, म्हणजे झिजायचं ते तिने झिजावं. चुना हा नियम न सांगता पाळतो.

आता रस्ता ओलांडून बॅसिलिकेकडे जाऊ. तिचा दर्शनी भाग पश्चिमेकडचा आणि तो मुळापासूनच दगडी होता, त्यावर गिलावा नव्हता. खाली तीन दारं, वर तीन चौकोनी खिडक्या, त्यावर तीन गोल, आणि सर्वांत वर येशूच्या नावाची अक्षरं कोरलेला शिरोभाग. कोरीवकामासाठी काळा दगड थेट वसईहून आणवला होता, आणि तो आजही कडक आहे. वसईच्या किल्ल्यातली चर्चं पाहिलेल्यांना इथे ओळखीचं काही सापडेल. बाजूच्या भिंती मात्र जांभ्याच्या, आणि त्यांना चुन्याचा गिलावा होता. म्हणजे मूळ रचना अशी, की काळपट, कोरीव चेहरा आणि त्यामागे पांढरं, साधं अंग. रस्त्याच्या कोपऱ्यावरून दोन्ही एकदम दिसत, तेव्हा चेहरा उठून येत असणार. आज चेहरा आणि अंग एकाच रंगाचं. रचनेतला मुख्य विरोध पुसला गेला आणि आपण त्यालाच अस्सलपणा म्हणून डोक्यावर घेतलं.

हे झालं १९५०च्या सुमाराला. बॅसिलिकेत ज्याचं शव आहे त्या संत फ्रान्सिस झेवियरच्या मृत्यूला १९५२ साली चारशे वर्षं होणार होती. पोर्तुगीज सरकारने बालताझार कास्त्रो या पुनर्बांधणीतल्या अधिकारी वास्तुरचनाकाराला गोव्यात धाडलं आणि बाहेरचा गिलावा उतरवला गेला. पोर्तुगालमध्ये त्या काळी जुन्या चर्चांचा गिलावा खरवडून मध्ययुगीन दगड दाखवण्याची पद्धत सरकारमान्यच होती. त्याच्याही आधी इंग्लंडमध्ये हा खेळ होऊन गेला होता. तो थांबवण्यासाठी विल्यम मॉरिसने १८७७ साली लंडनमध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणाची संस्था काढली, तेव्हा लोक तिला गमतीने ‘खरवडविरोधी’ मंडळ म्हणत. मॉरिस आणि त्याचे साथी मोठ्या डागडुजीपेक्षा रोजच्या राखणीचा आग्रह धरत होते. गोव्यातल्या चुना लावणाऱ्याला मॉरिस माहीत असायचं कारण नव्हतं, तो तेच करत होता.

उत्तर पोर्तुगालचा ग्रॅनाइट उघडा केला तर फारसं बिघडत नाही. जांभ्याचं तसं नाही. दगड उघडा ठेवायची आवड तिथून आली, दगड मात्र इथला, आणि पाऊसही इथला. बॅसिलिकेच्या बाजूच्या भिंतींपाशी जवळ जाऊन बघा. चिऱ्यांच्या कडा गोल झाल्या आहेत, पृष्ठभागाला खड्डे पडले आहेत, बोट लावलं तर लाल भुकटी येते. (बोट लावू नये हे खरं.) या भिंतींवरची झीज देखणी दिसते, संध्याकाळच्या उन्हात तर फारच देखणी. पण ती वयाची झळाळी नाही, उघडं पडल्याची खूण आहे. जांभ्याकडे पाहायला कोणीच उरलं नाही तर काय होतं तेही पुरावा म्हणून जवळच उभं आहे. संत ऑगस्टीनचं चर्च १८३५ साली ओस पडलं, १८४२ साली त्याची कमान कोसळली, १९३१ साली दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग गेला. आता सुमारे ४६ मीटरचा एकच उभा तुकडा राहिला आहे.

बॅसिलिकेला गिलावा परत चढवावा, अशी मागणी गोव्यातले वास्तुरचनाकार आणि जाणकार करत आले आहेत. विरोधही आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सत्तर वर्षांहून अधिक काळ लोकांनी हीच लाल बॅसिलिका पाहिली. श्रद्धेच्या, लग्नाच्या, शाळेच्या सहलीच्या आठवणी याच रंगाशी जोडलेल्या आहेत. एका पिढीने खरवडलं म्हणून दुसरीने लिंपावं, तर तिसरी आणखी काही करील, असाही मुद्दा निघतो. शिवाय इतक्या वर्षांत दगडात मुरलेले क्षार आणि ओल लक्षात न घेता घाईने गिलावा मारला तर तो वर्षभरात सुटेल. सिमेंटचा मारला तर न मारलेलाच बरा होता, असं म्हणायची वेळ येईल.

अडचण दगडाची कमी आणि कागदाची जास्त आहे, असं मला राहून राहून वाटतं. सरकारी पैशाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. देशभर जुन्या इमारतींच्या कामांची लगबग दिसते ती फेब्रुवारी-मार्चात, आणि रेंगाळलेलं काम एप्रिल-मेच्या भाजक्या उन्हात येऊन पडतं. चुन्याचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं. ही दोन पंचांगं जुळवून घ्यायची कोणालाच गरज वाटत नाही, कारण सिमेंटला आणि प्लास्टिकच्या रंगाला कुठलाच हंगाम लागत नाही. हंगाम गेला की हंगामी कारागीरही जातो. आठ महिने दुसरीकडे सिमेंटचं प्लास्टर करणाऱ्याने चार महिने हात बदलून नखावर थेंब घ्यावा, ही अपेक्षा त्याला चार महिन्यांची खात्रीची मजुरी दिल्याशिवाय धरता येत नाही.

माझं मत सांगायचं तर बॅसिलिकेच्या बाजूच्या भिंतींना चुन्याचा गिलावा परत मिळायला हवा, दर्शनी भाग आहे तसाच ठेवून. आधी मागच्या अंगाला एखादा छोटा पट्टा करावा, त्यावरून तीन पावसाळे जाऊ द्यावेत, आणि मगच पुढे सरकावं. हे होईल तेव्हा लाल बॅसिलिकेची सवय झालेल्यांना पहिली काही वर्षं ती परकी वाटेल, मलाही वाटेल. ते सोसायला हरकत नाही.

तोवर जुन्या गोव्याला जाणाऱ्यांनी फेस्ताच्या गर्दीत न जाता पाऊस उघडल्यानंतरच्या दिवसांत जावं. एखाद्या गावच्या चॅपेलला परांची लागलेली दिसली तर गाडी थांबवावी, मेस्त्रींना कामात अडथळा न करता बघावं. आणि आपल्या गावच्या देवळाच्या, वाड्याच्या, चर्चच्या समितीत असाल तर यंदा रंगाचा डबा मागवण्याआधी चुन्याचा भाव विचारावा. विचारायचं ते ऑगस्टातच, कारण दिवाळीनंतर लावायचा चुना आधी काही आठवडे भिजलेला असावा लागतो.